जेवणाच्या वेळेला काका

आमची नदी इतकी आखूड की तिला नदी म्हणताना जरा लाजच वाटते. पेडण्याच्या कातळी सड्याखाली एका झऱ्यातून निघते, काजूच्या उतारावरून घसरते, पोफळीच्या बागांत थोडी गोड वागते आणि लगेच खारी होते. मुखाशी वाळूचा दांडा आडवा पडलाय, म्हणून शेवटी सुरूच्या बनामागून समुद्राला चोरून भेटते. सकाळी उगमाशी निघालेला माणूस मुखापर्यंत जाऊन जेवायला घरी येतो. काकाही आले.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अग्नी मी दिला आणि अस्थीही माझ्याच गळ्यात आल्या. आमटीत मीठ कमी वाटलं की ताट अंगणात भिरकावायचे, असा त्यांचा लौकिक. काकी ते उचलायची, पुन्हा वाढायची आणि त्यांचं झाल्यावर उरलंसुरलं चुलीपाशी उकिडवी बसून खायची. अस्थींचं मडकं माझ्या हाती देताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, थेट समुद्रात सोड. वाटेत खंय ठेवू नको." मग, आज आपण स्वतः आधी जेवणार, असं सांगून भात लावायला आत गेली.

समुद्र म्हणजे मुखापर्यंत उन्हातून चालणं आलं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. नदी समुद्राला मिळते, हे मुलांकडून इतकं घोकून घेतलं होतं की माझाही त्यावर विश्वास बसला होता. घराखालच्या वळणापलीकडे शेताच्या बांधावरच थांबलो. भटजींनी मडकं फोडून रितं करायला सांगितलं होतं. मला वाटलं, काकांना अखंड जाऊ दे, होडीसारखं. तोंडाला फडकं घट्ट बांधून सोडलं. ते डुलत समुद्राच्या दिशेने निघालं. अस्थी सोडल्यावर मागे वळून बघायचं नसतं. मी शास्त्र पाळलं आणि बांधाबांधाने घरी आलो. ओहोटी संपत आली होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं. माझ्यामागून भरती निघाली आणि भरतीवर बसून काका.

काकी ताट वाढून हात धुवायला नदीच्या पायरीवर उतरली. मडकं पायरीवर टकटक करत होतं, कुणी दार वाजवावं तसं. तिचा चेहरा बघून मीही खाली उतरलो.

"आयले," ती म्हणाली. "जेवणाच्या वेळार बरोबर."

आत्ता मुखाशी नेऊन सोडतो, म्हणालो. भरतीत सोडलेलं तिथूनही परत येतं, हे तिनेच मला शिकवलं. घरात आणायचं नाही, जमिनीला टेकवायचं नाही, ओहोटी लागेपर्यंत धरून तिथेच उभा राहा, असा हुकूम झाला. मी गुडघाभर पाण्यात, चिखलात रुतून उभा राहिलो. खेकडे पायाची बोटं तपासू लागले. काकीने ताट खाली आणलं, आम्हा दोघांसमोर पायरीवर मांडी घातली आणि सावकाश जेवू लागली. पहिला घास गिळून तिने मडक्याकडे पाहिलं.

"आज मीठ कमी पडलां. बोला आता."

तिने थोडी वाट पाहिली. मग आणखी भात घ्यायला वर गेली. पाणी माझ्या मांड्यांपर्यंत चढलं होतं.