कल्याणचे सतरा, तृप्तीचे एकोणीस

समजा, दुपारचे चार वाजलेत आणि तुम्ही कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटमध्ये उभे आहात. उद्या उमलणारी कळी आजच ओळखायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी सोलून काढायची, पण आतल्या नाजूक दांडीला ओरखडा येता कामा नये. वर लाल कागदाची टोपी घालायची आणि पुढची कळी धरायची. अशा पाचशे. उद्या सकाळी नर म्हणून वेगळ्या लावलेल्या झाडाचं फूल आणून एकेका दांडीवर फिरवायचं. एखादी कळी राहून गेली तर ती आपल्याच परागानं फळते आणि बियाण्यात भेसळ होते.

शंभराव्या कळीला तुमचं लक्ष उडेल. तृप्तीचं उडत नाही.

जालन्याजवळ वाटूरच्या बाजूला मी बियाण्याच्या कंपनीतर्फे असे प्लॉट तपासते. तृप्ती चोवीस वर्षांची आहे, आणि दोन हंगामांत तिच्या ओळीत मला सुटलेली कळी सापडलेली नाही. बाकीच्या बाया गप्पा मारत सोलतात, ही गप्प. तिला पूर्वेकडून तिसरी ओळच लागते. ती कुणी धरली की तिचा चेहरा पांढरा पडतो. "सरका गं, इंजिनेर मॅडम आल्या," असं म्हणून बाया हसतात. पाठीमागे गर्विष्ठ म्हणतात.

तिचा भाऊ कल्याण सोळा वर्षांचा. त्यालाही सगळं ठरलेलं लागतं. फाट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीची वेळ त्याला पाठ आहे. भाताला वरण लागलं की तो उठून जातो. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या बाईंनी सुचवलं म्हणून आई, तुळजाबाई, त्याला जालन्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी ऑटिझम लिहून दिलं, प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर घरात त्याच्यासाठी वेगवेगळ्या कप्प्यांचं ताट आलं. लग्नात डीजे वाजायला लागला की तुळजाबाई त्याला हाताला धरून बाहेर नेते.

"मला बी वरण लागलेला भात जात न्हवता," तृप्ती मला म्हणाली. "मला थापड भेटली. त्याला ताट भेटलं."

हे तिनं रडून सांगितलं नाही. टोप्या घालता घालता सांगितलं.

मागच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या उषाबाईंचा नवरा वारला; त्यांच्या वावरातही असाच प्लॉट होता. भेटायला आलेल्या बाईनं दारातच गळा काढायचा, मग गळ्यात पडायचं, ही तिथली रीत. तृप्ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, आज तुमच्या कळ्या कोण सोलणार?"

"दगड हाये गं ही पोरगी!" कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. तुळजाबाईनं तिला दंडाला धरून घरी आणलं. तृप्तीनं त्या दिवसापासून नऊ दिवस आपल्या ओळी संपवून उषाबाईंच्याही सोलल्या. कल्याण तर त्या दारातही गेला नव्हता. "त्याचं तसंच हाये," एवढं म्हणून लोकांनी विषय सोडला. उषाबाई मात्र मला म्हणाल्या, "गळ्यात पडून रडल्या त्या समद्या घरी गेल्या. ही एकटी माझ्या वावरात गेल्ती."

यंदा कल्याणच्या फेरतपासणीची तारीख आली. तृप्तीनं त्याच्या फाइलीतून प्रश्नांचा कागद काढला, कोऱ्या पानावर उतरवला आणि स्वतःसाठी भरला. बावीस प्रश्न होते. कल्याणचे सतरा लागू झाले होते, तिचे एकोणीस झाले.

"दोन जास्त," ती म्हणाली. बोर्डात पहिली आल्यासारखी. एका प्रश्नावर मात्र ती अडली होती: मुलगा खेळण्यातल्या गाड्या ओळीत लावतो का? "मी आईच्या बांगड्या लावायचे, रंगारंगानं. लोक म्हणायचे, पोरगी कशी आवरून ठेवती! त्यानं गाड्या लावल्या तर डॉक्टर."

तिला आता कल्याणसारखा प्रमाणपत्राचा कागद हवा होता. स्वतःच्या नावाचा. म्हणून ती आई आणि कल्याणबरोबर जालन्याला गेली; तिथलं तिनंच मला नंतर सांगितलं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. लहानपणी तृप्ती कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. पाहुणे नावं ठेवायला लागले तेव्हा तुळजाबाईनं तिला चिमटे काढून शिकवलं, "डोळ्यात बघवत न्हाई ना? मंग कुंकवाकडं बघ. समोरच्या बाईला काय कळत न्हाई." तृप्तीनं ते इतकं घोटलं की खरंच कुणाला कळत नाही.

डॉक्टरबाई चांगल्या होत्या. कल्याणचं झाल्यावर तृप्तीनं आपलं पान पुढं केलं. "मॅडम, माझी बी तपासणी करा."

त्यांनी पान वाचलं. "अगं, भावाचं बघून वाटतं असं कधीकधी. तू तर किती छान बोलतेस, नजरेला नजर देऊन."

"मी तुमच्या टिकलीकडं बघून राह्यले," तृप्ती म्हणाली. "ती डावीकडं सरकलीय."

डॉक्टरबाईंनी टिकली नीट केली आणि मनापासून हसल्या. "बघा आई, थट्टाही करते!"

तुळजाबाईही हसली. पोरगी पास झाली होती.

तृप्ती खुर्चीवरून उठेना. तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या की इथं लहान मुलांचंच बघतात, पण हवं तर मोठ्या दवाखान्यासाठी चिठ्ठी देते. त्यांनी पेन उचललंही. तुळजाबाईनं पटकन हात जोडले. "नगं मॅडम. घरात एक कागद हाये तेवढा बास. पोरीला बी लावला तर स्थळ कोण आणील?"

पेन खाली ठेवलं गेलं. परतीच्या एसटीत खिडकीची जागा कल्याणची होती. ती नेहमी त्याचीच असते.

परवा प्लॉटवर मी तिला विचारलं, "कल्याणचा राग येतो का गं?"

"राग न्हाई," ती म्हणाली. "जळते मी त्याच्यावर. बिलकुल खरं सांगते. लोकात जाऊन आला की तो जेवून झोपतो. मी आले की दोन दिवस डोकं ठणकतं. हसले तिथं हसायचं व्हतं का, बोलले ते बराबर व्हतं का, सगळं परत परत येतं. तरी समदे म्हणतात, हिला काय झालंय?"

तिनं हातातली कळी सोलून टोपी घातली. मग पहिल्यांदाच काम थांबवून उभी राहिली.

"त्याला जमलं न्हाई, म्हणून त्याला सूट. मी मरमर करून जमवलं. तुम्ही शिकल्या-सवरलेल्या, सांगा ना मॅडम. मी जमवायलाच नको व्हतं का?"