शफ्रील इंजिनिअरचं शेवटचं घर

शफ्रील पुलांचा इंजिनिअर, पण ऑफिसात त्याचं बूड कधी टेकलं नाही. सुट्टी आली की केळीच्या पानात भात आणि सुकी मासळी बांधायची, दोन्ही लेकींना पुढं घालायचं आणि सिंगालांग डोंगराची वाट धरायची. जळू लागून धाकटी रडली तर म्हणायचा, "रड, रड. डोंगरालाही ऐकू जाऊ दे." बायको युस्माइनी कुरकुरायची आणि पुढच्या सुट्टीला न सांगता भात बांधून ठेवायची.

घर तिचं, तिच्या आईकडून आलेलं. आम्हा मिनांगकाबाऊ लोकांत नवरा म्हणजे जळक्या खुंटावरची राख, फुंकर मारली की उडाली. ही म्हण शफ्रील स्वतःच हसत सांगायचा, तेही त्याच घराचं छप्पर शाकारताना. डोंगराकडची भिंत फोडून त्यानं भली मोठी खिडकी बसवली, तेव्हा सासू वर्षभर टोमणे मारत होती, "पाहुण्यानं घराला भोक पाडलं."

पन्नाशीत यकृतानं दगा दिला. डॉक्टरांनी हात टेकले. त्यानं खाट खिडकीशी लावून घेतली आणि युस्माइनीला एवढंच म्हणाला, "मला इथनं हलवू नकोस."

पण पुरुष अंथरुणाला खिळला की बहिणीनं त्याला आईच्या घरी न्यायला यायचं, ही रीत. थोरली रोहाना आली, त्याचे चार भाचे आणि बांबूची डोली घेऊन. गुडघे धरत जिना चढली. चहा झाला. मग म्हणाली, "युस, आमचा माणूस आम्ही नेतो. तुला किती त्रास द्यायचा?"

नकार युस्माइनीच्या ओठांवर आला होता. पण नणंदेपुढं नवऱ्यावर हक्क सांगणारी बाई निर्लज्ज ठरते. धाकट्यांनी हो म्हणायचं, मग थोरांनीच 'असू दे' म्हणून मागं सरायचं. भात वाढून घेण्यापासून सगळं असंच चालत आलेलं. ही सभ्यता म्हणजे आमच्या लोकांच्या गळ्यातली धोंड आहे.

"उनी, तुमचाच भाऊ आहे," थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी ती म्हणाली. "मी कोण अडवणार?" आणि वाट बघत राहिली.

रोहानानं कपातला गार चहा घोट घोट संपवला. "मग उचला रे," ती म्हणाली.

थोरली लेक एल्फिरा दारात आडवी उभी राहिली. "आई, बाबांना नाही जायचं. तू बोल ना काहीतरी."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नये," युस्माइनी म्हणाली.

शफ्रीलनं डोलीतून एकदा तिच्याकडं पाहिलं.

आईच्या घरी त्याला मधल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. तिथं आठवडाही निघाला नाही. त्यांच्याच कुळाच्या जमिनीत त्याला पुरलं.

सातव्याची प्रार्थना उरकल्यावर नणंद-भावजय भांडी घासत होत्या. रोहाना म्हणाली, "युस, खरं सांग. तो तुला जड झाला होता का?"

"असं काय बोलता, उनी?"

"मग 'नको' का नाही म्हणालीस? माझी खोली ही असली, गुडघे हे असले. मी रीत म्हणून आले होते गं. तू एकदा 'राहू दे' म्हणाली असतीस, तर चहा पिऊन परत गेले असते. तू हो म्हटल्यावर पाठच्या भावाला मी कशी नाकारू?"

युस्माइनीच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. तिनं विचारलं, "ते... काही बोलले होते?"

"पहिल्याच रात्री," रोहाना म्हणाली. "म्हणाला, युस थकली असेल. तिला काही बोलू नकोस."