अव्वांच्या न्हाणीतला उजेड

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, शरणम्मा. येडशीत आमचं किराणा दुकान हाय, त्याच्या गल्ल्यावर त्यांचं उभं आयुष्य गेलं. गिऱ्हाईक कितीही मोठं असू द्या, अव्वा तोंडावर बोलणार. "डाळीत हात घालू नका, घरी नेऊन घाला," असं सरपंचालासुद्धा सुनावलेलं मी या कानांनी ऐकलंय. पण स्वतःचं काही दुखलं-खुपलं तर तोंडातून ब्र काढणार न्हाईत. मला या गोष्टीचा लई राग येतो, आधीच सांगून ठेवते.

गेल्या वर्षी आम्ही नवी न्हाणी बांधली. माझ्या मिस्टरांना, सोमेशना, भारी हौस. रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी, तिला दुधी काच, आणि खिडकीसमोर, न्हाणीच्या दारावर आतून असा दणदणीत पांढरा लाईट की पडलेली सुई सापडावी. "अव्वाला आता कमी दिसतंय, उजेड पाहिजे," म्हणाले. आणि अव्वा? पहाटे उठून अंधारातच आंघोळीला! एकदा धाडकन आवाज आला. नशीब, हाड वाचलं, पण कोपर काळंनिळं झालं. सोमेश ओरडले, "अगं, बटण दाबायला काय जातंय तुझं?" "सवय हाय मला," एवढंच उत्तर. आम्हाला वाटलं, म्हातारीची काटकसर.

मग सोमेशनी शक्कल लढवली. माणूस आत शिरलं की आपोआप पेटणारा सेन्सरचा लाईट त्याच जागी बसवला. दुसऱ्या दिवशी पहाटे अव्वा आत गेल्या आणि तशाच कोरड्या बाहेर येऊन बाजेवर बसल्या. त्यांना आंघोळीशिवाय लिंगपूजा चालत न्हाय आणि पूजेशिवाय पाण्याचा थेंब चालत न्हाय. दुपारी खिडकीवर ऊन आल्यावर कुठं न्हाल्या, मग पूजा, मग दोन घास. रोज तेच सुरू झालं. साखरेचा आजार, सकाळची गोळी चुकायला लागली, एकदा तर चक्कर येऊन भिंत धरून खाली बसल्या. मी आदळआपट केली, भांडी आपटली, शेवटी रडकुंडीला आले. अहो, डोळ्यांदेखत म्हातारं माणूस वाळत चाललंय आणि कारण सांगेना!

त्याच आठवड्यात सोमेश माल आणायला बार्शीला निघायचे म्हणून अंधारातच आंघोळीला गेले. मी दारापुढं सडा टाकत होते. वर बघते तर काय, काचेवर आमचे हे अख्खेच्या अख्खे, पोटासकट, काखेत साबण लावतायत! मला फिदीफिदी हसू आलं. मग समोरच्या चहाच्या हॉटेलाकडं नजर गेली. पहिल्या गाडीची माणसं बाकावर बसली होती. माझं हसू तिथंच थांबलं.

बादली टाकून मी आत आले आणि अव्वांपुढं बसले. "अव्वा, खिडकीमुळं व्हय?"

 तोंडाला पदर लावून अव्वा म्हणाल्या, "पहिल्या दिवशी लावला होता लाईट म्या. समोर कोणतरी हसलं. माझ्यावरच हसलं का, देव जाणं. दुसऱ्या दिवशी बाहेरून बघितलं तर सोम्या काचेत दिसला, तवा कळलं. दुपारच्या उन्हात तेवढं काचेवर काय दिसत न्हाय. एवढ्या मायेनं बांधलंय पोरानं. तुझ्या उजेडात तुझी आई उघडी पडती, असं कसं सांगू गं त्याला?"

सोमेश टॉवेल गुंडाळून दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. त्या दिवशी बार्शीला गेलेच न्हाईत.

वायरमनला बोलावून दारावरचा लाईट काढायला लावला. आता खिडकीच्याच भिंतीवर, काचेच्या वरच्या अंगाला, पाणी न शिरणारा, बटणावर चालणारा पिवळा दिवा लावला. म्हणजे उजेड न्हाणाऱ्याच्या अंगावर पडतो आणि सावली आतल्या भिंतीवर जाते. पायरी दिसावी म्हणून खाली एक बारका दिवा. पण अव्वांचा विश्वास बसंना. "आधी म्या बघणार!" दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतः रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि पोराला आत धाडलं.

"हात हलव! नाच जरा!" अगदी दुकानातला आवाज.

हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. "काय बघताय? चहा प्या गप!" आत सोमेश बिचारे नाचत होते. काचेवर मात्र नुसता पिवळा उजेड, माणसाचा मागमूस न्हाय. अव्वांनी दोनदा बघितलं, नाक पुसलं आणि घरात आल्या.

आतून कडी लागली. दाराखालची उजेडाची रेघ तशीच राहिली. पाण्याचा आवाज आला आणि मधेच थांबला. माझा जीव टांगणीला लागला. "अव्वा?"

"हाय गं. थांब जरा."

न्हाऊन आल्या, पूजा केली, चहा मागितला. कप हातात दिल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि लुगड्यावरूनच आपल्या कुशीवर ठेवला.

"इथं तीळ हाय मला," हळूच म्हणाल्या. "जन्मभर अंधारात न्हाले, न्हायतर त्या काचेकडं बघत घाईघाईनं. आज निवांत बघितलं, तवा दिसला. माझ्या आईला इथंच होता. शेवटी शेवटी म्याच न्हाऊ घालायची तिला. तिचा तीळ माझ्याजवळ हाय गं गायत्री, मला म्हाईतच नव्हतं."