जीपमधले पाण्याचे कॅन

नव्या प्लॅस्टिकचा वास आला की आठवतं, बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे आमच्या छोट्या जीपमध्ये पाण्याचे कॅन बांधणं. नेवाडाच्या वाळवंटात जायचं वेड तिचंच. मी म्हणालो, चार कॅन पुरे. तर म्हणते, "अहो, तिथं कोण बसलंय तुम्हाला पाणी विचारायला? सहा घ्या." "मग तू कुठं बसशील?" "टपावर!" हसतच चहा ठेवायला आत गेली, ती ओट्यापाशी कोसळली आणि संपली. चाळीस वर्षं होत आली, अमेरिकेत तेव्हा आम्हाला दुसरं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात फोन करून मी सहलीसाठी घेतलेली रजा कॅन्सल केली. साहेबानं कारण विचारलं. ती गेली, हे तोंडातून निघेना. म्हणालो, जीप तयार झाली नाही.