चाफ्याचे हार

अकोल्याच्या जठारपेठेतलं फुलांचं दुकान सोडून बाळापूरच्या मळ्यात निवांत राहावं, असं माणिकबाईनं ठरवलं होतं. त्याआधी लेकीनं, प्रतीक्षानं, तिच्या पाठीवर सॅक अडकवून तिला थायलंड फिरवलं.

बँकॉकच्या फूलबाजारात झेंडूचे ढीग, हारांच्या लडी, धक्काबुक्की. पडदा उघडावा आणि आपलंच दुकान समोर यावं, तशी ती थबकली. "प्रतीक्षा, विमान फिरून अकोल्यालेच आलं का वं?"

मग शांत बेट. पहिल्याच पहाटे सवयीनं उठून तिनं लॉजच्या अंगणातला सगळा चाफा तोडला, हार ओवले आणि पायरीवर मांडून बसली. गिऱ्हाईक येईना. लॉजची मालकीण आली. तिनं बोडकं झाड पाहिलं, हार पाहिले आणि एक गळ्यात घालून मुकाट्यानं निघून गेली. ती रागावली की खूश झाली, हे माणिकबाईला अजून कळलेलं नाही.

घरी नवऱ्यानं, सहदेवनं विचारलं, "मंग, मळ्यात कधी जायचं?"

"मले काही समजूनच नाही राहिलं. शांत बरं वाटते, पण तिथं हार घालू कोणाले?"

"मी आहो ना. माह्या गळ्यात घाल."

माणिकबाईनं त्याच्या गळ्याकडे पाहिलं.

"अन् बाकीचे हार?"