बोट कुठून येते

पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेसाठी मी कोकणातल्या आमच्या गावी घरी बसून प्रवासाची गाइड पुस्तकं तपासते. आई गेली त्या वर्षी त्यांनी माझ्याकडे जगभरच्या दूरदूरच्या बेटांचं पुस्तक सोपवलं. काम ऐकायला सोपं होतं. कुठलं बेट कुठल्या विभागात घालायचं, एवढंच ठरवायचं. प्रत्यक्षात डोक्याचा पार भुगा झाला. ईस्टर बेट चिलीचं, पण तिथल्या लोकांची भाषा आणि नाती पॉलिनेशियातली. ख्रिसमस बेटावर झेंडा ऑस्ट्रेलियाचा आणि शेजार इंडोनेशियाचा. आपलं मिनिकॉय लक्षद्वीपात, बोली मात्र मालदीवच्या जवळची. सगळीकडे हीच रड.

संपादिकाबाईंचा नियम पक्का होता: एक बेट एकाच विभागात. जे कुठेच बसणार नाही ते पुस्तकाच्या शेवटी, 'इतर बेटे' या मथळ्याखाली. त्या 'इतर'वर माझा पहिल्यापासून दात होता. जिथे माणसं राहतात, चुली पेटतात, ते 'इतर' कसं असेल? लग्नपत्रिकेत ज्यांची नावं घालायला कंटाळा येतो त्यांची 'आणि समस्त परिवार' म्हणून बोळवण करतात, तसला हा प्रकार.

पलीकडच्या आवारात राहणारी माझी काकी अधूनमधून खिडकीशी येऊन माझ्यासमोरच्या नकाशाकडे बघायची. एकदा म्हणाली, "गेलंस काय गो तू खंयच्या बेटार?"

"नाय."

"मगे तुका काय कळतला?"

मी तिला म्हटलं, आपल्या खाडीतल्या जुव्यावर तरी तू कितीदा गेलीस? जुवा म्हणजे आमच्याकडे खाडीतलं बेट, चार घरं आणि माड. पण त्या बोलण्यातूनच मला वाट सापडली. जुव्याचा सातबारा एका गावात, पण होडी लागते ती समोरच्या दुसऱ्याच काठाला. बाजाराला ती माणसं जातात त्याच काठावरच्या मसुऱ्याला. कुणी जुवेकराला विचारलं, तुम्ही कुठले, तर तो होडी लागते त्या काठाकडे हात करतो. मी ठरवून टाकलं. बेट कुणाच्या जवळ आहे ते बघायचं नाही, झेंडाही बघायचा नाही. बेटावर बोट कुठून येते ते बघायचं, आणि बेट तिथलं म्हणायचं. संपादिकाबाईंना हे पटलं. एकामागून एक बेटं आपापल्या जागी जाऊ लागली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

मार्गशीर्षात ग्रामदेवतेचा कौल झाला आणि गावपळण ठरली. गावपळण म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगताना मला नेहमी वकिली करावी लागते. दर काही वर्षांनी आमचा सगळा गाव तीन दिवस गाव सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. मांजर पिशवीत घालून नेतात. घरांना कुलपं लागतात आणि कापणी झालेल्या मळ्यात बांबूच्या आणि माडाच्या चुडतांच्या राहुट्या उभ्या राहतात. तीन दिवस गाव देवाचा. लहानपणी मला दिवाळीपेक्षा गावपळण आवडायची. सगळी माणसं एका मळ्यात, एकमेकांच्या चुलीवरचं खात, भेंड्या लावत, भांडत.

गेल्या गावपळणीपर्यंत आमची राहुटी असायची, आईची आणि माझी. दोन माणसांची राहुटी लहान दिसते, पण ती राहुटी असते. आई दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची आणि मी आत चहा करत राहायची. एका माणसाची राहुटी मी आजवर कुणाची पाहिलेली नाही. एकटं माणूस कुणाच्या तरी राहुटीत जातं. गावातच वेगळं बिऱ्हाड असलेल्या माझ्या भावाच्या राहुटीत मी जाणार की काकीच्या, हे कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटत होतं, दोघांपैकी कुणीतरी येईल आणि चल म्हणेल. एवढंच मला हवं होतं, आणि ते मागून घ्यायचं नव्हतं.

गाव निघायच्या आदल्या दिवशी संपादिकाबाईंचा फोन आला. छपाईला जायच्या आधी शेवटचं बघताना त्यांच्या लक्षात आलं की त्रिस्तान दा कुन्या पुस्तकात कुठेच नाही. दक्षिण अटलांटिकमधलं हे एकच गाव असलेलं बेट. आफ्रिकेचा विभाग लिहिणाऱ्याला वाटलं ते अटलांटिकवाल्याने घेतलं असणार, अटलांटिकवाल्याला वाटलं ते आफ्रिकेत गेलं. दोघेही काटेकोर माणसं. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो असा. बाई म्हणाल्या, "सरळ 'इतर'मध्ये टाका आणि उद्या दुपारपर्यंत कळवा." मी म्हटलं, उद्या दुपारी मी गावात नसेन. तरी बघते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माझी पिशवी भरून पडवीत ठेवली होती. एक पातळ, चादर, आईचं लहान पातेलं. रस्त्याने गाडे चालले होते. गुरांच्या मागे पोरं, पोरांच्या मागे कुत्री. भावाचा टेम्पो आला तेव्हा मी उठून उभी राहिले. वर गाद्या रचलेल्या होत्या आणि त्यावर वहिनी बसली होती, माझ्याकडे पाठ करून, गॅसची शेगडी धरून. टेम्पो पुढे गेला. मी हाक मारली असती तर थांबला असता, हे मला ठाऊक होतं. पण ही हाक मी मारायची नव्हती. थोड्या वेळाने काकीच्या आवाराची बेडी, म्हणजे बांबूचं फाटक, ओढल्याचा आवाज आला. तिचं सगळं बिऱ्हाड मागच्या पाणंदीने निघून गेलं.

दुपारी गाव रिकामा झाला. मी बरेच रिकामे गाव वाचले होते, तपासले होते, त्यांच्या वर्णनातली जास्तीची विशेषणं काढून टाकली होती. हा वेगळा होता. कोंबडा नाही, पंप नाही, कुणाचा खोकला नाही. या तीन दिवसांत मागे राहणाऱ्याला गावाची राखण करणारा देवचार छळतो असं म्हणतात. मला भीती वाटली ती त्याची नाही. मी इथे आहे हे वेशीपलीकडे कुणालाच माहीत नाही, याची वाटली. आईच्या तेराव्यानंतर पाहुणे गेले तेव्हाही मला एवढं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान मी घरात आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

मी आत जाऊन लॅपटॉप उघडला. त्रिस्तानला विमानतळ नाही. बोट केप टाउनहून निघते, हवा चांगली असली तर आठवडाभराने पोचते, आणि नसली तर किनाऱ्यासमोर थांबून राहते. पण निघते. मी ते बेट आफ्रिकेच्या विभागात घातलं, बाईंना तसं कळवलं आणि रिकामाच राहिलेला 'इतर बेटे' हा मथळा काढून टाकला. मग कुलूप लावलं आणि पिशवी घेऊन चालत सुटले. रस्ताभर मी रडले. पाहायला कोणी नव्हतं, त्यामुळे पदर लावायची गरज पडली नाही.

मळ्यात पोचले तेव्हा उन्हं कलली होती. भावाची आणि काकीची राहुटी शेजारीशेजारीच होती. वहिनी बाहेरच्या चुलीवर भात वैरत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "इलंस? काकींकडे जेवलंस मां?"

"मी आताच इलंय. घराकडसून."

तिचा हात थांबला. पलीकडून काकी बाहेर आली. "घराकडसून? मी म्हटलंय, तू भावाच्या टेम्पोतसून गेलंस."

"आमका वाटला, तुमच्यावांगडा इला," वहिनी म्हणाली.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. भाऊ हसला. म्हणाला, "म्हणजे खंयच नाय!" आजूबाजूचे हसले. मीही हसले, सवयीने.

वहिनी जवळ आली. माझ्या पिशवीला हात घालत तिने प्रेमानेच दटावलं, "पण गो, येवन टेम्पोत बसाचा मां? घरच्या माणसाक कोण आवताण करता?"

मी पिशवी सोडली नाही. "माका व्हया," मी म्हणाले.

"काय व्हया?"

"आवताण. आई होती तेव्हा नको होता. आता व्हया."

ती पुन्हा हसायला गेली आणि माझं तोंड पाहून थांबली. काकीने खाली बसून उगाच लाकडं पुढे सारली. भाताला उकळी आली होती, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी दोन राहुट्यांच्या मधे पिशवी धरून उभी राहिले. आत कुठल्या राहुटीत शिरायचं ते मी सांगणार नव्हते. ते आता त्यांनी सांगायचं होतं.