घट बसेपर्यंतचं पाणी

आमचं घर लातूरला, सासुरवाडी कंधारकडच्या एका खेड्यात. गेल्या वर्षी पावसाळ्यात ठरलं, दिवाळी झाली की सासूबाईंनी कायमचं आमच्याकडं यायचं. गुडघे गेले, एकटीनं राहणं होईना. त्यांनी एकच अट घातली: घट बसायच्या आधी घरातल्या गोधड्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात धुवायच्या. बोअरच्या नाही.

पण पाऊस लवकर थांबला आणि ओढा उतरू लागला.

"तोवर पाणी टिकंल का हो?" बायकोनं विचारलं.

मला आकड्यांशिवाय उत्तर देता येत नाही. काठावर दोन दगड मांडले, मधलं अंतर टेपनं मोजलं, ज्वारीच्या धाटाचा तुकडा पाण्यात सोडला आणि त्याला किती वेळ लागतो ते मोबाइलवर पाहिलं. वेग, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार केला की सेकंदाला किती पाणी जातं त्याचा अंदाज येतो. तीन दिवसांनी पुन्हा मोजलं, तर पाणी निम्म्यावर आलेलं.

सासूबाई काठावर बसून बघत होत्या. "जावाई, वढ्याची नाडी बघून राहिले का? जगंल का न्हाई ते सांगा."

"अवघड आहे," मी म्हणालो. दर तीन दिवसांनी निम्मं, म्हणजे घटाच्या कितीतरी आधी कोरडं. परतताना बायको गाडीत म्हणाली, "जरा मऊ सांगता आलं नसतं?"

पुढच्या रविवारी गेलो तेव्हा ओढा बारीक झाला होता, पण वाहत होता. त्याच्या पुढच्या रविवारी जवळजवळ तेवढाच. कागदावर आलेख काढला तेव्हा माझी चूक दिसली. आधी मी मोजलं ते वरच्या वर वाहून जाणारं पाणी, ते झपाट्यानं उतरतं. आता येत होतं ते माळात मुरलेलं. ते सावकाश झिरपतं, सावकाशच आटतं. मी ओढा मोजला होता, वरचा माळ हिशेबात धरलाच नव्हता.

"टिकतंय, आई. नक्की."

"मागल्या बारीला बी नक्कीच व्हतं," त्या म्हणाल्या.

घट बसायच्या आदल्या दिवशी पाणी घोट्याएवढं होतं, पण वाहतं. प्लास्टिकची खुर्ची ओढ्यातच मांडली. सासूबाई पाय पाण्यात सोडून बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या. गोधडीचं एक टोक बायकोकडं, एक माझ्याकडं.

"दोघं एकीकडंच पिळून राहिले की! कसं निघंल पानी?"

सासऱ्यांच्या जुन्या धोतरांची गोधडी मात्र त्यांनी कुणाला दिली नाही. मांडीवर घेऊन स्वतःच चोळली.

"हे पानी कुठून येऊन राहिलं म्हनता?"

मी माळाकडं बोट केलं. "त्या बांधांच्या खालून. तिथं पाणी अडतं, मुरतं, मग इकडं निघतं."

ते बांध सासऱ्यांनी घातलेले. सासूबाई तिकडं बघत राहिल्या.

"झाली की धुऊन, आई," बायको म्हणाली. "द्या, पिळते."

"थांब गं," त्या म्हणाल्या, आणि गोधडी पुन्हा पाण्यात सोडली.